रुंद पडद्यावरचा दादा

६ मार्च, मंगळवार

नाहीच! यादीत तो आकडा नाहीच! मॉनिटर चौदाशे चाळीस बाय नऊशेचा, आणि कॉम्प्युटर म्हणतो — एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट घ्या, नाहीतर गप्प बसा.

जुना चौकोनी मॉनिटर जळला तेव्हा मावशीच्या ऑफिसनं मोडीत काढलेला हा रुंद घरी आणला. आठ महिने झाले. तेव्हापासून चौकोनी चित्र रुंद काचेवर ताणून बसतं. घरात सगळं जाड! मी टाइप करते ती अक्षरं फुगलेली, ‘ठ’ तर बसक्या मडक्यासारखा. बाबांनी जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं, त्यांना कसं सोसावं? रोज एकच पालुपद — “वर्तुळाचं अंडं झालंय. माझ्याच घरात!”

आणि माझे गाल! दर रविवारी परदेशातल्या दादाशी व्हिडिओवर बोलताना कोपऱ्यातल्या चौकटीत मी मलाच दिसते. ते गाल बघून डिसेंबरपासून संध्याकाळचं जेवण निम्मं केलंय.

७ मार्च

दुरुस्तीवाला आला. बाजूचं झाकण काढलं, धूळ नाकात गेली, तीनदा शिंकला. “ताई, ग्राफिक्स बोर्डावरच आहे, तेही जुनं. वेगळं कार्ड घालायला जागाच नाही. चालवून घ्या.”

चालवून घ्या म्हणायला याचं काय जातं!

९ मार्च, शुक्रवार

जमतं म्हणे! एका फोरमवर कुणीतरी सविस्तर लिहिलंय — यादीत नसलेला आकडा आपणच हातानं ड्रायव्हरला, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायचा. रुंदी, उंची, सेकंदाला किती वेळा चित्र काढायचं, कडेला किती मोकळं सोडायचं. रुंदीला आठनं पूर्ण भाग जायला हवा. मी वाचून दाखवेपर्यंत बाबा खुर्चीतून ओरडले, “एकशेऐंशी! जातो भाग!”

आकडे घातले. पडदा काळा. मध्ये पाटी — सिग्नल मर्यादेबाहेर. आणि उद्या एकाचा अख्खा प्रबंध टाइप करून द्यायचाय! पंधरा सेकंदांनी जुनं चित्र आपोआप परत आलं. हुश्श.

१० मार्च

झालं!!! मीच एक शून्य गिळलं होतं. नीट घातलं, पडदा मिटला, उघडला — अक्षरं सडपातळ! बाबांनी लगेच वर्तुळ काढायला लावलं आणि कर्कटक घेऊन आडवं-उभं मापायलाच बसले.

“बाबा, काचेला टोक लावू नका!”

“गप. गोल आहे.” आवाज भरून आला होता त्यांचा. वर्तुळासाठी!

आईनं दारातून पाहिलं. “छान दिसतंय गं,” म्हणाली.

११ मार्च, रविवार

 

आई बाजारात गेली होती. मी आणि बाबाच होतो. दादाचा कॉल लागला आणि मी त्याला ओळखलंच नाही. खरंच! वाटलं, त्याच्या खोलीवर राहणारा दुसरा कुणी आहे. गालांच्या जागी खड्डे. कानशिलं आत गेलेली. शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा.

“असे काय बघताय?” आवाज मात्र दादाचाच.

“चित्र अडकतंय,” मी म्हटलं. कुठून सुचलं कोण जाणे. “बरा आहेस ना रे?”

“एकदम फिट!” असं म्हणताना त्यानं कॉलर वर ओढली.

कॉल बंद झाल्यावर बाबांनी बोटांवर कसलासा हिशेब केला. मग म्हणाले, “रुंदीत पाचाचे सहा करून दाखवत होता पडदा. आपला मुलगा, पाचाचे सहा!”

आणि आम्ही खूश! तिकडचं पाणी मानवलं म्हणून नातेवाइकांना सांगत होतो. मी त्याला ढोल्या म्हणत होते. तो हसायचा.

बाबा म्हणाले, “आईला कळू देऊ नकोस. पुढच्या रविवारी परत ताण ते चित्र.”

“बाबा!”

“अन्न सोडेल ती. आधी काय झालंय ते कळू दे.”

१४ मार्च

दादाला तीन मेल केले. तिन्हींना मिळून एक उत्तर: “डोकं खाऊ नकोस. मस्त आहे मी.”

१८ मार्च, रविवार

ताणलं. एका क्लिकवर दादा गुटगुटीत. लाज वाटली मला स्वतःची.

आई नेहमीसारखीच बोलली — थंडी आहे का, झोप होते का. कॉल संपला. तिनं चष्मा पुसला.

“कशाला ताणलंस परत? सरळ केलं होतंस ते बरं होतं की.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पडद्याकडे.

“छप्पन्न किलो आहे तो. मागच्या महिन्यात अठ्ठावन्न होता.”

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. “तुला कुणी सांगितलं?”

“त्यानंच. सप्टेंबरात. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत. आठवड्यातून तीनदा मानेतल्या नळीनं रक्त काढून, यंत्रात धुऊन परत घालतात. मीच म्हटलं त्याला — यांचं ब्लडप्रेशर हे असं. पडद्यावर चांगला दिसतोयस ना, मग इलाजाचं ठरेपर्यंत निभावून ने.”

सहा महिने! त्याच पडद्यासमोर आम्ही तिघं शेजारी-शेजारी बसत होतो. मी एक आकडा बदलला आणि मला वाटलं, खरं काय ते मला पहिल्यांदा दिसलं!

बाबा रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आईनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, “प्या. म्हणूनच सांगत नव्हते.”

२० मार्च

दादा सव्वीसला येतोय. मूत्रपिंड आई देणार आहे. तिच्या तपासण्या नोव्हेंबरातच झाल्यात, रक्तगट जुळलाय. हे आज सांगितलं — तेही फॉर्मवर बाबांची सही हवी होती म्हणून!