बंबात गेलेली पानं

मंगळवार, संध्याकाळ. लिंबायत.

काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय, म्हणून आठवड्यापूर्वी मला म्हणाले, काहीतरी वाचून दाखव. मला सांगतात, मला.

मी मुद्दाम तीच कादंबरी काढली. लहानपणी हेच काका मला राक्षसांच्या गोष्टींची पुस्तकं आणून द्यायचे. पुढे भुतांची, चोर-पोलिसांचीही चालली. चौदाव्या वर्षी मैत्रिणीकडून ही प्रेमकथा आणली, तर हातातून ओढली. शेवटची पानं फाटून त्यांच्या हातात राहिली, ती त्यांनी पाणी तापवायच्या बंबात घातली; उरलेलं पुस्तक मी लपवून ठेवलं. "असलं वाचीसन पोरी बिघडतस."

मग मी गुजराती कादंबऱ्या धरल्या. काकांना ती लिपी येत नाही. माझी शाळा गुजराती, म्हणून हाही अभ्यासच, असं समजून ते गल्लीभर माझं कौतुक करायचे, आणि मी त्यांच्यासमोर बसून याहून चावट वाचायची. पण मराठी वाचन सुटलं ते सुटलंच. तो राग अजून जात नाही.

आज नायिका घर सोडून स्टेशनवर पोचली आणि मी थांबले.

"मंग पुढे काय व्हयनं वं?"

"पुढची पानं तुम्ही बंबात घातली, काका."

मग हळूच म्हणाले, "तुले शेवट माहीत व्हई ना?"

माहीत आहे. कॉलेजच्या लायब्ररीत तेवढा शेवट शोधून वाचला होता. मी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले आणि नाही म्हटलं.