सड्यावरचं जाळं

११ नोव्हेंबर २००२, सोमवार

पोचलो एकदाचा! निघताना संजना म्हणाली होती, समुद्राकाठी जाताय, आता तुमचं पोट सुटणार बघा. पहिल्याच जेवणात तिचं भाकीत खरं व्हायला लागलं. मिरजेहून येताना आंबोलीला गाडी थांबली तेव्हा दोन प्लेट भजी हाणली होती, तरीही गोदूबाईंच्या हातची बांगड्याची कढी पुढ्यात आली आणि मी तीनदा भात घेतला. गोदूबाई मासे विकतात. घराची पुढची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली आहे. कढीत तिरफळं होती. "चावू नकात हां, जीभ बधीर होतली," असं त्यांनी बजावलं, आणि मी गाढव, नेमकं एक चावलं. अर्धा तास शब्द धड फुटेनात. त्या पदराआड हसत होत्या.

काम गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर. तिथं तारांचं आठ एकरांचं जाळं उभारलंय. वर आकाशात एक यंत्र फिरतं. ते तिथलं ऊन गोळा करतं आणि रोज अकरा चाळीसला आपल्या डोक्यावर आलं की अदृश्य लहरींनी खाली सोडतं. जाळं त्या लहरी धरून त्यांची वीज करतं. अकरा मिनिटांचा खेळ, पण काय खेळ! गोदूबाईंना समजावलं तर म्हणाल्या, "आमच्या डोक्यार काय ऊन कमी आसा, म्हणान वरसून आणतास?"

गौरजा पाच वर्षांची आहे. तिला फोनवर सांगितलं, तुझा बाप आकाशातून वीज उतरवतो. तिनं विचारलं, पिशवीतून का?

१७ नोव्हेंबर, रविवार

जाळ्याशेजारच्या कामाच्या खोलीत आम्ही दोघंच, मी आणि पाटणकर साहेब. ते इथं दीड वर्ष आहेत. माणूस सज्जन, पण माझ्या एकाही विनोदाला हसले नाहीत. चहा उकळता उकळताच कपात ओतून घटाघटा पितात. मी म्हटलं, साहेब, घसा आहे की धुराडं? त्यांनी दुसरा कप ओतला.

त्यांना एक अडचण होती. आतापर्यंत यंत्रातून लहरी कमी जोरानंच सोडल्यात. पूर्ण जोराची चाचणी घ्यायची तर लहरी जाळ्याबाहेर सांडून गावापर्यंत जातील, म्हणून गाव तीन दिवस रिकामं हवं. सहाशे माणसं हलवायची कशी? मी सहज गोदूबाईंकडे विषय काढला, तर त्या हसायलाच लागल्या. "दर तीन वर्सांनी आमचो गाव आपसूक रिकामो होता," म्हणाल्या. याला गावपळण म्हणतात. देवाचा कौल घेऊन सगळा गाव वेस ओलांडतो. गुरं, कोंबड्या, मांजरं, कुत्री, सगळी बरोबर. तीन रात्री गावात चूल पेटत नाही. चौथ्या दिवशी देवळाचे मानकरी दाजी गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाची विनवणी करून, परतायचा कौल घेतात आणि मग मंडळी परततात. यंदाची सोळा डिसेंबरला आहे!

साहेबांना सांगितलं. त्यांनी लगेच वरच्या कचेरीत कागद पाठवला आणि त्यात माझं नावही घातलं. मी खूश. बूथवरून संजनाला फोन करून म्हटलं, गौरजाला घेऊन ये, असली गंमत मिरजेत बघायला मिळायची नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

कढी तिखट लागत नाही. गोदूबाई शपथेवर सांगतात की मिरच्या रोजच्याइतक्याच आहेत. तिरफळाचा असर म्हणावा तर आज मी एकही चावलं नाही.

सकाळी अंघोळीला कढत पाणी घेतलं. खांदे लालबुंद झाले तेव्हा कळलं की ते कढत होतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मिरजेहून निरोप आला. सुभद्रामावशी गेली. आई लहानपणीच गेली, तेव्हा मला हिनंच वाढवलं. निरोप ऐकला, बूथवाल्याला पैसे दिले, घरी येऊन दोन बांगडे खाल्ले. गोदूबाईंनीच डोळे पुसले. मी तिसरा बांगडा मागितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर चांगली नव्हती.

असा मी नाही. असा मी कधीच नव्हतो.

२ डिसेंबर, सोमवार

आकाशातलं यंत्र दुरुस्तीसाठी परवापासून बंद आहे. काल दुपारी जेवताना कढीनं तोंड पेटलं. ठसका लागला, आणि ठसक्यातून जे रडू फुटलं ते थांबेना. मावशी, अगं माझी मावशी! विहिरीपाशी जाऊन पोटभर रडलो. खांद्यावरचे फोड आता असे ठणकतायत की सदरा घालवत नाही.

म्हणजे हे त्याचंच काम. जाळ्याजवळ जो रोज असतो त्याचं आधी कातडं मरतं, मग आतलं. बंद राहिलं की दोन दिवसांत सगळं परत येतं. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मग कुणाला सांगितलं का नाही? तर म्हणाले, सांगावंसं वाटलं नाही. दीड वर्ष झालं, आता दोन दिवसांनी त्यांचं काही परत येत नाही.

मला भीती वाटतेय. वाटतेय तोवर लिहून ठेवतो. संजनाला आणि गौरजाला इथं येऊ द्यायचं नाही. बूथ आज बंद आहे. उद्या सकाळी पहिलं काम ते.

५ डिसेंबर, गुरुवार

परवा यंत्र सुरू झालं. फोन केला नाही. बूथ दुपारी उघडला, समोरूनच गेलो.

फोड दुखायचे थांबले. तेवढं बरं झालं.

१४ डिसेंबर, शनिवार

सड्यावर लोक माडाच्या झावळ्यांच्या राहुट्या बांधतायत. चाळीसेक होतील. जाळ्याच्या कुंपणापासून पाव मैलसुद्धा नाहीत. मी विचारलं, हे काय? गोदूबाई म्हणाल्या, गावपळणीला आम्ही इथंच राहतो. वहाळ म्हणजे ओढा, तो ओलांडला की वेस संपते, सडा वेशीबाहेर.

मी हे विचारलंच नव्हतं. गाव रिकामं होतं एवढंच ऐकलं. माणसं पाहुण्यांकडे जात असतील असं मनात धरलं, आणि तसाच कागद गेला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मंजुरी गावाच्या हद्दीची आहे, सडा हद्दीत येत नाही. मग चहा प्यायलो.

लोकांना सांगायला हवं. आता उशीर झालाय, उद्या.

१५ डिसेंबर, रविवार

संजना आणि गौरजा आल्या. गौरजा धावत येऊन गळ्याला बिलगली. तिचं वजन कळलं. बाकी नाही. संजना म्हणाली, अहो, असे काय बघताय, ओळख विसरलात का? मी म्हटलं, कामानं दमलोय.

दमलो होतो मी म्हणावं तर तसंही नव्हतं.

१६ डिसेंबर, सोमवार

गाव निघाला. ढोल होता. गोदूबाईंनी कोंबड्यांची डाली डोक्यावर घेतली होती, मांजर गौरजाकडे दिलं होतं. गौरजा नाचत होती. संजना आणि गौरजाही त्यांच्याच राहुटीत, कुंपणाकडून दुसऱ्या.

११.४०. पूर्ण जोर. वीज मोजणारा काटा शेवटपर्यंत गेला. अकरा चाळीसपर्यंत मुलांचा गलका येत होता. नंतर —

नोंद केली. सही केली.

१७ डिसेंबर, मंगळवार

संजनाला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, बरं. आणि भाकरी थापत राहिली. तापला तवा नुसत्या हातानं उतरवला.

१९ डिसेंबर, गुरुवार

परतायचा दिवस. सगळे दाजींभोवती जमले. दाजींनी गाऱ्हाणं घातलं. बा म्हाराजा, आज गाव परत वसवचो आसा, लेकराबाळांका सांभाळ, गुराढोरांका सांभाळ रे म्हाराजा. इथं सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं.

कुणी म्हणालं नाही.

दाजींनी पुन्हा म्हटलं. सहाशे माणसं उभी होती. वारा येत होता. मग दाजीही खाली बसले. कौल घेतलाच नाही. कुणी परत गेलं नाही.

साहेबांनी वर कळवलं की गाव अजून रिकामं आहे, चाचणी चालू ठेवता येईल. होकार आला.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी गौरजानं पेजेच्या टोपात हात घातला. पेज उकळत होती. तळाशी गेलेला चमचा काढून तिनं संजनाला दिला. संजनानं चमचा पुसला. गौरजाचा हात मनगटापर्यंत —

मिरजेला एकदा हिच्या पायात काटा मोडला तेव्हा मी तिला उचलून डॉक्टरकडे पळत गेलो होतो, चपला न घालता. हे मला आठवतं. पत्ता आठवावा तसं.

११.३१. खोलीत आहे. समोर लाल बटण आहे. दाबलं की वरच्या यंत्राला निरोप जातो, सोडू नको. साहेब शेजारी बसलेत. ते अडवणार नाहीत.

दोन दिवस बंद राहिलं तर परत येतं. असंच चालू राहिलं तर येत नाही. साहेबांचं नाही आलं. गौरजाचा आज पाचवा दिवस. आज दाबलं तर ती रडेल. खूप रडेल, एवढा हात भाजलाय. तिनं रडायलाच हवं.

११.३७. उठलो. म्हणजे उभा आहे.

११.३८. डाव्या हातानं लिहितोय. उजवा पुढे केला. बोट बटणावर. दाबलं — असं मी ठरवलं तरी. बोटाला काही लागत नाही. डोळ्यांनी बघायला हवं. बटण आत गेलंय की वर आहे, दोन्ही सारखंच दिसतं. काट्यावरून कळेल, अकरा चाळीसला तो हलला नाही तर दाबलं गेलं.

११.३९. खिडकीतून गौरजा दिसते. कुंपणापाशी. तो हात वर करून मला दाखवते आहे.

अजून वेळ आहे. जोरानं दाबायचं. जोर किती, ते —

११.४०. काटा