तक्त्यावरची पाचवी ओळ

अण्णा, गुरुवारी एका मुलीनं माझा चष्मा काढून घेतला. वयानं माझ्या धाकटीएवढी असेल. "सर, ग्लासेस प्लीज," म्हणाली, आणि फ्रेम उजेडात धरून दोन्ही दांड्या उलटसुलट करून बघितल्या, कुठं कॅमेरा बसवलाय का म्हणून. मग खिसे उलटे करून दाखवायला लावले, बाह्या वर करायला लावल्या, शेवटी कानांच्या मागंसुद्धा डोकावली. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत डोकावलो. आपल्या कानामागं कुणी डोकावलं की कसं वाटतं ते साठी उलटल्यावर कळलं. मनगटावर तुमचं घड्याळ होतं. ते लॉकरमध्ये ठेवा म्हणाली. मी म्हटलं, "बाई, हे स्मार्ट नाही, याला रोज किल्ली द्यावी लागते." ती गोड हसली आणि लॉकरची चावी पुढं केली. हसरी माणसं जास्त कडक असतात, हे मला इथं येऊन कळलं.

तुम्हाला सांगायला हवं, ही कसली परीक्षा. इथं डोळ्यांचा डॉक्टर एकदा झालात म्हणजे झालात, असं नाही. दर दहा वर्षांनी बोर्डाची परीक्षा द्यायची, अजून डॉक्टर आहात हे सिद्ध करायचं. नाही दिलीत तर हॉस्पिटल ऑपरेशन थिएटरचं दार बंद करतं. माझी ही तिसरी खेप. नेपरव्हिलच्या बाहेर, दुकानांच्या रांगेत, एका बाजूला पिझ्झा आणि दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं दुकान, मधे हे परीक्षा केंद्र. पार्किंगमध्ये बर्फाचे काळे ढीग. माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी नळजोडणीची परीक्षा द्यायला आलेला दांडगा गडी होता. त्याचेही कान तपासले. तेवढं एक समाधान.

मला या परीक्षेचा पहिल्यापासून संशय आहे. लोकांची काळजी म्हणून घेतात म्हणे. असेलही. पण परीक्षा घेणारे, तिची पुस्तकं विकणारे आणि तिचे क्लास चालवणारे एकाच टेबलावर जेवताना मी बघितलेत, आणि मी तसा तिखट कानाचा माणूस, तुमच्यासारखा. आता खरं सांगायचं तर मला सगळ्यांचाच संशय येतो, आणि धंद्यात त्याचा उपयोगच होतो. इथं म्हाताऱ्यांची गाडी काढून घेतली तर त्यांचे पायच काढून घेतल्यासारखं होतं. लायसन्ससाठी मी सही करणार म्हटलं की ते तक्ता पाठ करून येतात. वेटिंग रूममध्ये बसल्या बसल्या ओठ हलत असतात. मी गप्पा मारतो, नातवंडांची चौकशी करतो, आणि बोलता बोलता बटण दाबून तक्त्यावरची अक्षरं बदलतो. म्हातारा मोठ्या रुबाबात आधीचीच अक्षरं म्हणून दाखवतो. मग मी खुर्ची जवळ ओढतो, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतो. माझ्याकडं शिकणारी पोरं विचारतात, ही युक्ती कुठं शिकलात? मी सांगतो, मेडिकल कॉलेजला. थाप आहे ती.

तर परीक्षेच्या महिनाभर आधी माझ्या एका मित्राचा फोन आला. तोही डोळ्यांचाच, नागपूरचा, पलीकडच्या गल्लीत राहतो. पंचवीस वर्षं दिवाळीचा फराळ एकमेकांकडं जातो. "अबे, तुले एक फाइल पाठवली पाय. गेल्या वर्षी बसलेल्यांनी आठवून आठवून लिवलेले प्रश्न हायेत, उत्तरासगट." मी म्हटलं, "अरे, आपण सही करून देतो ना, असलं काही बघणार नाही म्हणून?" "सही तर मी लग्नातबी केली होती बे. सगळेच पाहतात. तू काऊन हरिश्चंद्र बनून राहिला?" मी हसलो, पण फोन ठेवल्यावर विचार करत बसलो, यानं मला कशाला पाठवली? स्वतः बघितली, त्या पापाला सोबत हवी म्हणून? बायकोनं विचारलं, कसली फाइल? म्हटलं, आहे काहीतरी, मी उघडलीसुद्धा नाही.

अण्णा, तुम्ही मोरीत दाढी करताना अक्षरं म्हणायचात. मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीला घरी आलेलो. आई म्हणायची, "जप लागलाय यांना, म्हातारपणी देव आठवला." मी पडल्या पडल्या ऐकायचो. त्यात देवाचं नाव कुठंच नव्हतं. ग, प, न, ट, र. पाणी ओतायचा आवाज. पुन्हा ग, प, न, ट, र. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. दरवर्षी एसटीच्या डेपोत तुमची नजर तपासायचे, तो तक्ता होता हा. आणि नजरेत नापास झालेल्या ड्रायव्हरला चाकावरून उतरवून आवारात गाड्या धुवायला लावायचे, हे मला माहीत होतं. धुणाऱ्याचा पगार किती, आणि माझं कॉलेज कशावर चालतं, हेही माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शाईनं तक्ता काढला. अक्षरं बदलली, तुमच्या पाठातली नाहीत अशी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला आणि तुम्हाला पार बाहेरच्या उंबऱ्यावर उभं केलं. आई मधे भाकरी थापतेय, मान खाली घालून म्हणतेय, "मी आडवी येत नाही ना रे डॉक्टर?" तुम्ही खुशीत आहात. पोरगा पहिल्यांदा बापाला तपासतोय. एक डोळा तळहातानं झाकता आणि वरची दोन मोठी अक्षरं बरोबर सांगता. तिसऱ्या ओळीला जरा थांबता. चौथीला डोळा बारीक करता. आणि पाचवी ओळ तुम्ही खणखणीत आवाजात म्हणता, शाळेत कविता म्हणावी तशी. ग, प, न, ट, र. माझ्या कॅलेंडरवर तिथं यातलं एकही अक्षर नाही.

मी म्हटलं, "बरोबर."

तुम्ही दुसरा डोळा झाकलात. पुन्हा तेच. मी पुन्हा म्हटलं, "बरोबर." तुम्ही विचारलंत, "काय डॉक्टर, पास?" मी म्हटलं, "पास." आई म्हणाली, "झालं तर मग, या जेवायला." तुम्ही माझ्याकडं न बघता आत आलात, मनगटावरचं घड्याळ काढलंत आणि ताटाशेजारी ठेवलंत. "तुला लागेल. नाडी मोजायला." ते मला बक्षीस होतं, की तोंड बंद ठेवण्याचं काही होतं, याचा मी आजवर निकाल लावू शकलेलो नाही. त्या घड्याळावर गाडीचा टाइम पाळायचात तुम्ही. एवढ्या सहज काढून द्यायची वस्तू नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला परत निघालो, तुमच्याच गाडीनं. तुमच्या मागच्या सीटवर बसलो. तुमचे कंडक्टर, ज्यांना मी काका म्हणायचो, ते तिकिटं संपली की मागं आपल्या जागेवर बसायचे, तंबाखू मळायचे, डुलकी काढायचे. त्या दिवशी ते बसले नाहीत. पुढं इंजिनाच्या झाकणाला टेकून उभे राहिले, तुमच्या खांद्याशी. गाडी भरलेली, इंजिनाचा हा गोंगाट, कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाचं पोर रडतंय. त्यातून मला काकांचा आवाज येतोय, ओठ न हलवता, गुणगुणल्यासारखा. "डावीकडं सायकल... पुढं गुरं, दोन... वळणावर बाई उभी हाय, थांबायचं." आणि तुम्ही जणू स्वतःच बघितल्यासारखी गाडी हळू करता. घाट लागला. मी पुढं वाकून रस्ता बघायला लागलो, मांडीवर पुस्तक तसंच. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "पुढं काय बघतोस? पुस्तक बघ. रस्ता मी बघतोय."

मी पुस्तक उघडलं, अण्णा. गाडीत पन्नास प्रवासी होते, आणि त्यांच्यात एकट्या मलाच माहीत होतं की रस्ता कोण बघतंय. स्टँडवर मी उतरलो, तुमच्या पाया पडलो, आणि कुणाला काही बोललो नाही. पुढं दोन वर्षं तुम्ही तो घाट रोज चढलात आणि उतरलात. काही झालं नाही. हे 'काही झालं नाही' मी इतक्या वेळा मनाशी म्हटलंय की त्याचाही जप झालाय.

निवृत्तीनंतर तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी इथं रेसिडेंट म्हणून शिकत होतो. आईनं फोनवर हसत हसत सांगितलं होतं, पट्टी सुटल्यावर तुम्ही ओट्यावर जाऊन उभे राहिलात आणि विचारलंत, "समोरच्यानं दाराला निळा रंग कधी दिला?" आणि आई म्हणाली, "अहो, दहा वर्षं झाली त्याला." ती हसत होती. मी इकडं बोटांवर वर्षं मोजत होतो. दहा वर्षांत तो कॅलेंडरचा तक्ता आला, तो घाट आला. त्याच्या आधीचीही काही वर्षं आली, जेव्हा मी रोज पहाटे शाळेला तुमच्याच गाडीनं जायचो.

इथं लोक विचारतात, डोळेच का निवडलेत? मी सांगतो, वडिलांना मोतीबिंदू होता. सगळ्यांच्या चेहऱ्यावर छान भाव येतो.

आता गुरुवारचं. वर लिहिलंय की फाइल उघडली नाही म्हणून बायकोला सांगितलं. उघडली होती. त्याच दिवशी, तिनं पाठ फिरवल्यावर. मग पुन्हा दोनदा. मला तिची गरज नव्हती, अण्णा. चाळीस वर्षं हेच करतोय. पण शेजारचा पाठ करून जाणार आणि मी नुसता जाणार, हे काही पचेना. एकदा दारातला बर्फ काढत होतो, तर बायको दार उघडून म्हणाली, "अरे, एकटाच काय पुटपुटतोयस?" मी म्हटलं, "थंडीनं दात वाजतायत."

परीक्षेत तो प्रश्न आला, आणि मला आनंद झाला. हो, आनंद. फाइलमधलीच बाई होती: अडुसष्ट वर्षांची, सकाळी उठली तर एका डोळ्यानं दिसेना, आतली नस सुजलेली. फाइलमधलं उत्तर होतं, याला औषध नाही, रक्तदाब सांभाळा आणि लक्ष ठेवा. मी प्रश्न पुरता वाचलाच नाही. बोटानं उत्तर दाबलं आणि पुढं गेलो. आणखी दोन प्रश्न सोडवले. मग एक शब्द कानात वाजायला लागला, जबडा. प्रश्नातच कुठंतरी होता तो. मागं गेलो. बाई तीच, वय तेच, डोळा तोच. फक्त शेवटी एक ओळ जास्तीची घातलेली, जेवताना चावलं की जबडा दुखतो. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं. हा रोग वेगळा. हिला त्याच तासाला स्टेरॉइड द्यायचं, नाहीतर दुसराही डोळा जातो. आणि मी तिला घरी पाठवून, रक्तदाब सांभाळायला सांगून, पुढं निघून गेलो होतो. खणखणीत आवाजात.

बोर्डानं अक्षरं बदलली होती. मी वेटिंग रूममधल्या म्हाताऱ्यांसाठी बदलतो, तशी. मी तुमच्यासाठी बदलली होती, तशी. मी उत्तर दुरुस्त केलं. त्या मुलीनं काचेमागून माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं आता ही आत येणार, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसणार, आणि गुडघ्यावर हात ठेवणार. ती जागची हलली नाही. इथं कुणी कुणाला तेवढ्यानं पकडत नाही. बाहेर आलो तर लॉकरमध्ये तुमचं घड्याळ चालू होतं.

आज सकाळी मेल आली, पास झालो. पुढची दहा वर्षं मला दिसतं, असं त्यांचं म्हणणं. नागपूरच्या मित्राचा लगेच फोन. "मग? आली कामी फाइल?" मी म्हटलं, "नाही रे, मी तर ती उघडलीच नाही." तो म्हणाला, "बरोबर." एवढंच. मग त्यानं मुलीच्या लग्नाचा विषय काढला. पण अण्णा, तो 'बरोबर' ज्या सुरात आला तो सूर मी ओळखला. स्वयंपाकघरात, हातात छडी म्हणून आईचं लाटणं धरून, मी तो दोनदा लावला होता. ऐकणाऱ्याला तो कसा ऐकू येतो ते आज कळलं. माझे कान तिखट म्हणून मी मिरवतो, पण ते आले कुणाकडून? म्हणजे तुम्ही जेवायला बसलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं, मला कळलंय ते. घड्याळ काढलंत तेव्हाही, आणि घाटात मला पुस्तक बघ म्हणालात तेव्हाही.

दुपारभर हे लिहीत बसलोय. बायको दोनदा डोकावून गेली, कुणाला एवढं मोठं लिहितोयस म्हणाली. मी म्हटलं, बोर्डाला, आभाराचं पत्र. ती "बरं" म्हणाली. आता तिच्या त्या 'बरं'कडंही मी कान लावून बसलोय.