बंद पाकिटाचं पुरेसं कारण

उल्हासनगर-४,
१० ऑक्टोबर १९८८

ती. अनंतादादास,
वेणूचा शि. सा. न. वि. वि.

परवा मी बाहेर असताना तू ऑफिसात आणून दिलेलं कोर्टाचं पाकीट श्रावणात घरी आलं, तर ते ऑक्टोबरपर्यंत कुणीच का फोडलं नाही? तू दहावीपर्यंत शिकलास, अंबरनाथच्या कारखान्यात हजेरीपट लिहितोस. श्रीपाद वकीलसाहेबांनी मला हेच विचारलं. त्यांच्याकडे टायपिंग करताना पक्षकारांना असले प्रश्न मीही विचारते. पण आपल्याच घराबद्दल मला तुला विचारावं लागतंय.

शेजारच्या धोंडिबाकाकांनी लावलेल्या दाव्याच्या तारखेला आपल्याकडून कुणी उभं राहिलं नाही. म्हणून घरामागची वाडी त्यांची, असा एकतर्फी निकाल २६ सप्टेंबरला झाला. तो रद्द करून घ्यायला तीस दिवस असतात. अर्जात गैरहजेरीचं 'सफिशंट कॉज', म्हणजे पुरेसं कारण, द्यावं लागतं. मी साहेबांची जाड पुस्तकं दोन दिवस चाळली. पुरेसं कशाला म्हणायचं, ते कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही. आजारपण कधी चालतं, कधी चालत नाही. साहेब म्हणतात, बाबांना विषमज्वर झाला होता असं लिहू, दाखला मिळतो. मला ते पटत नाही. न्याय मागायला जायचं आणि पहिल्याच ओळीत खोटं लिहायचं? खरं काय ते तू कळव.

आईची कंबर कशी आहे? माझ्या खोलीत सगळं ठीक. फार शांत असतं, इतकंच.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी वेणू

* * *

बदलापूर गाव,
१३ ऑक्टोबर १९८८

चि. वेणू वकीलसाहेबांस,
दादाचे आशीर्वाद. तुझं पत्र पावलं.

तू विचारलंस म्हणून लिहितो. तू बी.ए. झालीस तेव्हा विद्यापीठाचं पाकीट तुझ्या हातानं फोडलंस आणि बाबांनी गावभर पेढे वाटले. तेव्हापासून पोस्टमन कोंडाजी सहीचं पाकीट घेऊन आला की बाबा अंगठा देतात, पाकिटाला हळदकुंकू लावतात आणि देव्हाऱ्यात ठेवतात. ते वेणूनंच उघडायचं. याही पाकिटाचं तेच झालं. मी हात लावला तर म्हणाले, दहावीला दोनदा बसणाऱ्यानं सरकारी कागद फाडू नये. मग मीही चिडलो आणि नाद सोडला. माझंही चुकलंच. धोंडिबा वाडीत कुंपणाचे खांब टाकायला लागला, तेव्हा कुठे ते पाकीट देव्हाऱ्यातून काढून तुझ्याकडे आणलं.

तू दर आठवड्याला लिहायचीस, येत्या शनिवारी येते. गौरी-गणपतीलासुद्धा आली नाहीस. आई म्हणते, पोरगी उल्हासनगरात राहून सिंधी झाली, पापडावर पोट भरते. बाबा मात्र सगळ्यांना सांगतात, आमची वेणू वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला वेळ कुठला!

विषमज्वराचं काही जमायचं नाही. तारखेच्या दिवशी सकाळी बाबा वाडीतल्या जांभळीवर चढून फांद्या छाटत होते. खालून धोंडिबा नवं धोतर नेसून चालला होता. बाबांनीच त्याला हाक मारून विचारलं, एवढा नटून कुठं निघालास? तो नुसता हसला. आता तोच कोर्टात सांगेल, तापकरी झाडावर होता म्हणून.

कुंपण घातलं की वाडीतली विहीर पलीकडे जाईल. मग आईला धोंडिबाच्या सुनेला विचारून पाणी भरावं लागेल. आई हल्ली उगाच विहिरीवर जाऊन बसते.

तू का आली नाहीस, ते मी विचारत नाही. पण कोर्ट विचारेल ना गं?

आमची आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
तुझा दादा,
अनंता

* * *

उल्हासनगर-४,
१८ ऑक्टोबर १९८८

ती. अनंतादादास,
वेणूचा शि. सा. न.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. ते आधी हसले. मग म्हणाले, पाकीट मुलीसाठी ठेवलं हे कोर्ट एक वेळ ऐकेल, पण इतके दिवस मुलगी कुठे होती, ते मुलीलाच सांगावं लागेल.

तर सांगते. जुलैत माझा निकाल लागला. मी दोन पेपरांत नापास झाले. मी दुसऱ्या वर्षाला नाहीच, दादा. दर शनिवारी पिशवी भरायची. घरमालकीण काकी विचारायच्या, बेटी, आज घर जाना है ना, आणि मी हो म्हणायची. मग स्टेशनच्या पुलावर दोन तास उभी राहून परत यायची आणि गाडी चुकली म्हणून सांगायची. नंतर नंतर त्यांनी विचारणंच सोडलं. जेवणाचं ताट मात्र दाराशी ठेवायच्या.

काल कारखान्यात तुझी पहिली पाळी होती म्हणून बाबा एकटेच कल्याणच्या कोर्टात आले. ज्याला वाचता येत नाही, त्याला कागद समजावून सांगितल्याशिवाय त्याचा अंगठा घेता येत नाही. साहेबांनी ते काम आमच्या कारकुनाला, शंकरला, सांगितलं. मी म्हटलं, मी वाचते. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी बाबांना सगळा अर्ज मराठीत वाचून दाखवला. त्यात हेच कारण लिहिलं होतं. मुलगी परीक्षेत नापास झाली, तिनं ते घरी लपवलं, म्हणून ती घरी गेली नाही, आणि पाकीट तिची वाट पाहत बंद राहिलं. बाबांनी तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. मी पुन्हा वाचला. पेपर कुठले, ते विचारलं. मी सांगितलं. त्यांना ती नावं कळली नसावीत. त्यांनी शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि धोतराला पुसला. मग ते स्टेशनकडे चालू लागले. दिवाळीला मी यावं की नाही, ते त्यांना विचारून कळव.

साहेब म्हणतात, हे कारण पुरेसं ठरेलच असं नाही. शिवाय धोंडिबाकाकांचा वकील ते भर कोर्टात मोठ्यानं वाचेल. विषमज्वराचा दाखला अजूनही मिळतो, असं त्यांनी शेवटचं सुचवून पाहिलं. मी नको म्हटलं. बाबा गेल्यावर माझ्या शपथपत्रावर सही केली आणि अर्ज खिडकीवर माझ्या हातानं दिला. २१ नोव्हेंबरची तारीख पडली आहे.

राग आला असेल तर असू दे, पत्र मात्र येऊ दे.
तुझी वेणू