टंचाई शाखेतला डावा डोळा

लातूर, १४ मे १९८३

दोस्त करीम यास नरसिंगचा कडकडून सलाम. खातूनबी अम्मींना जयभीम सांग आणि त्यांचा गुडघा आता पायरी चढू देतो का तेही कळव. ऑपरेशननंतर तुझ्या घरी आठ दिवस पडून त्यांच्या हातचा शोरबा ओरपला, त्याने मला पँट घट्ट व्हायला लागली आहे. बाकी आम्ही मजेत. जिल्हा नवा, कचेरी नवी, रबरी शिक्के नवे. पाणी तेवढं अजून यायचं आहे.

माझ्या कानाखालची गाठ तर गेली. ती कॅन्सरची होती की साधी, हे सांगणाऱ्या रिपोर्टाचं मागाहून लिहितो, आधी गंमत ऐक. तुमच्या नांदेडच्या डॉक्टरांनी (मुंबईहून नवी पद्धत शिकून आलेत, बोलता बोलता कागदावर चित्रं काढतात) मला समजावलं होतं की चेहऱ्याची नस त्या गाठीजवळूनच जाते आणि कालव्यासारखे तिला पाच फाटे असतात. पूर्वी गाठ काढताना एखादा फाटा तुटायचा. आता आधी नस शोधतात, एकेक फाटा सोडवतात, मगच गाठीला हात लावतात. माझी नस शाबूत आहे, फक्त रुसलीय, दीड-दोन महिने उजवी बाजू हलणार नाही, असं ते म्हणाले. म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. पापणी लवते ती एकट्या डाव्या डोळ्याची, आणि हसू येतं तेही डावीकडेच. थोडक्यात, मी सारखा समोरच्याला डोळा मारतो आणि वर गालात हसतो. (चांगुणा पहिल्या दिवशी लाजली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता बास की!")

त्यात माझी नेमणूक टंचाई शाखेत. देवणीकडचा केरबा सरपंच टँकर मागायला आला. मी त्याला सरळ सांगितलं की अर्ज वर गेलाय, मंजुरी नाही, टँकर मिळणार नाही. हे सांगताना डोळ्याने आपलं काम केलं. केरबाने आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला, "समजलं सायब. कुनाला सांगत न्हाई," म्हणाला आणि गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं. लोकांनी कोरड्या विहिरीतला गाळ उपसला, बायकांनी घागरींची रांग लावली. टँकरवाला ताहेर खात्री करायला माझ्याकडे आला. मी म्हटलं, बाबा रे, असा काही हुकूम नाही! त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि टँकर घेऊन गेला. मग काय, बाकीच्या गावांचे सरपंचही माझा नकार ऐकून खुशीत परतू लागले आणि आठवड्यात सात गावांना पाणी पोचलं.

आमचे नायब तहसीलदार बसलिंगप्पा (माणूस देवभोळा, पण कागदाला हात लावायच्या आधी मुहूर्त बघतात की काय कोण जाणे) यांनी बोलावून घेतलं. मी घाबरून खुलासा करू लागलो, तसे ते खुर्चीतून उठलेच. "मलाच डोळा मारून राहिलात?" मी कानाखालचा व्रण दाखवला. मग त्यांनी आपलाच गठ्ठा सोडला, तर सातही अर्ज महिनाभर तिथेच झोपलेले. विहिरीत पडलेलं पाणी परत काढता येत नाही, म्हणून त्यांनी मुकाट सह्या केल्या. करीम, इतका हसलो मी त्या दिवशी, अर्ध्याच तोंडाने का होईना!

तुझा,
नरसिंग

ता. क. गुरुवारी दाढी करताना उजवी पापणी लवली. नस परत आली. कचेरीत अजून कुणाला सांगितलेलं नाही. चार गावं राहिली आहेत.

ता. क. दुसरा. रिपोर्ट दवाखान्यात तयार होऊन तीन आठवडे झाले. आणायला मी दोनदा नांदेडच्या एसटीत बसलो आणि दोनदा अहमदपूरला उतरून परत आलो. चांगुणाला मात्र सांगून टाकलंय की रिपोर्ट आला, चांगला आला. मला फार भीती वाटते रे. सोबतच्या चिठ्ठीवर रिपोर्ट तुला देतील. पत्राने कळवू नकोस, तूच ये. चांगुणा दार उघडेल, तिच्यासमोर काही बोलू नकोस. चांगला असेल तर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून नुसता डोळा मार. आमच्या जिल्ह्यात त्याचा अर्थ मंजूर असाच होतो.