मेणबत्त्या विझवणारा वायू

दि. ४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मोठ्यांना चार गोष्टी सांगण्याचा आगाऊपणा करीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. समोर बसून बोलण्याचे धैर्य माझ्यात नाही, हे तुम्ही जाणताच. परवा तुम्ही संमतिपत्रावर सही न करताच रुग्णालयातून घरी निघून गेलात, असे आईने सांगितले. हृदयाची झडप बदलण्याची तुम्हाला भीती नाही. पण उघड्या हृदयात हवेचा बुडबुडा शिरून तो मेंदूत गेला, तर आपलीच माणसे न ओळखता जगायचे नाही, असे म्हणालात म्हणे. झडप मात्र फार दिवस थांबणार नाही, हे सांगताना तिला रडू आवरेना.

मामा, हृदय थांबवल्यावर रक्त फिरवणारे यंत्र चालवायला मी त्याच रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरात वर्षभर शिकते आहे. बुडबुड्यावरचा आमचा पहारेकरी तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. मी चौथीत असताना तुमच्या सिलिंडर भरण्याच्या कारखान्यात तुम्ही टेबलावर पाच मेणबत्त्या लावल्या होत्यात आणि रिकाम्या दिसणाऱ्या भांड्यातून काहीतरी ओतून त्या एकेक विझवल्या होत्यात. तोच हा कार्बन डायऑक्साइड. हवेहून दीडपट जड, म्हणून उघड्या छातीत सोडला की तो विहिरीतल्या पाण्यासारखा साचतो आणि हवेला बाहेर ढकलतो. बुडबुडा उरलाच, तर तो बहुतेक या वायूचा असतो, आणि हा वायू रक्तात हवेपेक्षा पंचवीसपट सहज विरघळतो. धोका शून्य होतो, असे मी म्हणणार नाही. खोटे बोलायला तुम्ही मला शिकवलेले नाही.

आपल्या लोभावर लहानपणापासून हक्क सांगणारी,
भाची

दि. ९ फेब्रुवारी

चि. पुस्तकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. पोर परीक्षेचा पेपर लिहिल्यासारखे पत्र लिहिते, असे म्हणत तुझ्या मामीने ते दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा चष्मा पुसला. समास व्यवस्थित सोडला आहेस. चाळीस वर्षे हा वायू लोकांच्या नाकापासून लांब ठेवला, आणि आता तुम्ही तो माझ्याच छातीत ओतणार. कमाल आहे.

आता माझा प्रश्न. रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी त्याच छातीत असते ना? ती चालू ठेवून तशीच टाकली, तर आधी तुझा जड वायू पिऊन टाकेल, आणि त्याच्या जागी वरून हवा उतरेल. चौथी मेणबत्ती काही केल्या विझेना, तेव्हा कारण काय निघाले होते? कोपऱ्यातला पंखा कोणीतरी सुरू ठेवला होता. त्या नळीवर लक्ष कोण ठेवते, ते ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना विचार. उत्तर आले की सही करतो. शाळेत पाणी प्यायला जाण्यासाठीसुद्धा बाईंना चिठ्ठी देणारी तू, म्हणून अट मुद्दाम घालतो आहे. तोंडाने विचारायचे.

लोभ आहेच, तो मागत बसू नकोस.
तुझा मामा

दि. २७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही काचेपलीकडे झोपला आहात आणि मी इकडे बाकावर बसून लिहिते आहे. आधी एक कबुली. मी विचारले, असे फोनवर कळवले आणि तुम्ही सही केलीत. कसे विचारले, ते मात्र लपवले. मी मोठ्या डॉक्टरांना तीन परिच्छेदांचा अर्ज दिला होता. त्यांनी तो जिन्यातच उभ्या उभ्या वाचला. प्रश्न अगदी बरोबर आहे, पण छाती उघडी असताना मला टपाल वाचता येत नाही, असे ते म्हणाले. तुमच्या ऑपरेशनला यंत्र माझ्या वरिष्ठ ताई चालवणार होत्या. मी त्यांच्या मागे उभे राहून फक्त नळीकडे पाहायचे, आणि दिसले की बोलायचे, असे डॉक्टरांनी ठरवून दिले.

काल हृदय उघडण्याआधीच वायू सुरू झाला, टोकाला स्पंज लावलेल्या नळीतून, सावकाश, तुम्ही ओतला होतात तसाच. नवी झडप शिवून होत आली, तेव्हा मदतनीस डॉक्टरांनी सुई घेण्यासाठी हात वळवला आणि सक्शन छातीच्या तळाशी तसेच चालू राहिले. ती चौथी मेणबत्ती डोळ्यांपुढे आली, आणि मी म्हणाले, “सक्शन बाहेर काढा.” आवाज ठरवल्यापेक्षा बराच मोठा निघाला. मोठ्या डॉक्टरांनी मान वर न करता नळी काढायला लावली आणि वायू पुन्हा भरेपर्यंत हात थांबवले. हृदय सुरू झाले, तेव्हा हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर बुडबुड्यांचे चारदोन पांढरे ठिपके दिसले आणि पाहता पाहता विरले.

पुढचे तुम्हाला आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवते. आज सकाळी घशातली नळी काढल्यावर डॉक्टरांनी तुम्हाला दोन्ही हात उचलायला सांगितले, तुम्ही उचललेत. मग माझ्याकडे बोट करून, ही कोण, असे विचारले. तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात. तेवढ्या वेळात माझा जीव कुठे गेला होता, ते मलाच ठाऊक. मग म्हणालात, “माझी भाची. तिनं तोंडानं विचारलं का, ते आधी सांगा.” तिने अख्ख्या थिएटरला दरडावले, असे डॉक्टरांनी सांगितले. तुम्हाला हसू आले, टाके दुखले, आणि छातीवर हात ठेवून तुम्ही पुन्हा झोपलात. मी इतकी ताठ उभी राहिले की आता ही कोसळणार, असे वाटून नर्सताईंनी मला स्टूल आणून दिले.

उरलेले तुम्ही जागे झालात की समोर बसून सांगेन.

तुमची,
पुस्तकी

नर्सताईंच्या हाती दिले : दि. २७ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.