पाचवीसाठी वेबसाइट

२ मे, शुक्रवार

निकाल वाटला, कपाटं लावली, ऑफिसला कुलूप घातलं. सुटले एकदाची!

यंदा मे महिन्यात काही म्हणजे काही नाही — ना निवडणुकीचं काम, ना पेपर तपासणी, ना कसलं प्रशिक्षण. मुख्याध्यापिका झाल्यापासूनची ही पहिली खरी सुट्टी. दुपारी कूलरसमोर लोळायचं, आंबे खायचे, आणि आजवर ज्यासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत आले ते सगळं लॅपटॉपवर शिकून घ्यायचं, असं पक्कं ठरवलं होतं.

निघताना गेटवर नाना उभे. संस्थेचे अध्यक्ष गेटवर दिसले की काहीतरी निघालेलंच असतं. "ताई, पाचवीला यंदा वीस पोरं नाही आली तर तुकडी बंद. मग माझ्याकडे येऊन रडू नका." मी कधी रडले हो यांच्याकडे?

पण तुकडी बंद म्हणजे ज्योती घरी. सात वर्षं झाली बिचारीला शिकवताना, अजून कायम नाही. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीवर. पाचवीवरच तिची नेमणूक. पाचवी नाही तर ती नाही, इतकं साधं आहे.

झाली माझी सुट्टी!

५ मे, सोमवार

ज्योती सकाळीच लॅपटॉप घेऊन हजर. धुळ्यात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. म्हणाली, "मॅडम, आपण शाळेची वेबसाइट करू. हायवेवरच्या शाळेची आहे, आपली का नको?" फुकट होते म्हणे. मला वाटलं होतं त्यासाठी पुण्यातला इंजिनिअरच लागतो.

दोन तास बसलो. पान उघडायचं, चौकोन ओढायचा, त्यात फोटो टाकायचा. माझा चौकोन सारखा कुठेतरी पळून जायचा. एकदा तर अख्खं पानच गायब! मी घाबरून लॅपटॉपच बंद केला. ज्योती हसून हसून बेजार. "मॅडम, परत आणता येतं!" वर्गात मुलांवर मी याच कारणासाठी ओरडते — आधी विचार, मग हात लाव. आता स्वतःवर कोण ओरडणार?

६ मे

आज पासवर्ड विसरले.

९ मे, शुक्रवार

पहाटे गच्चीवर बिबडे घातले, आमचे ज्वारीचे पापड. ज्योतीही आली मदतीला. त्यासाठी शिजवलेल्या पिठाचा गरम घाटा वाटीत घेऊन वर तेल ओतून दोघी खात बसलो. किती वर्षांनी असं निवांत बसले! ती तिच्या सासूच्या नकला करत होती, मी नानांच्या. पोट दुखेस्तोवर हसलो. मग एकदम वाटी खाली ठेवली. म्हणाली, "मॅडम, यंदा काढलं तर मी कुठे जाऊ?" मी म्हटलं, "मी आहे ना." बोलून गेले खरी. तिच्या वाटीत आणखी घाटा वाढला.

१२ मे, सोमवार

वेबसाइट झाली!! वर शाळेचा फोटो, खाली आमचं मैदान, त्याखाली दहावीचा निकाल, शेवटी माझं मनोगत आणि फोटो. त्यात मी रागावल्यासारखी दिसते. ज्योती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तशाच दिसता." बरं!

खाली आकडा येतो, किती जणांनी पाहिली ते. दिवसभरात तिघांनी. एक मी, एक ज्योती, एक आमचे हे. आणि यांनीही मी फोन हातात कोंबला म्हणूनच.

१५ मे, गुरुवार

आज गावात फिरलो, मी आणि ज्योती. एसटीनं चिंचकुंड, मग घरोघरी पायी. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. डोक्यावर पदर, हातात पत्रकं — मुलं मागायला निघालेल्या मास्तरणी. पूर्वी पालक शाळेत यायचे हात जोडून. आता आम्ही जातो.

जिल्हा परिषदेच्या चौथीतून यंदा पोरं सुटलीत. त्यांचे दाखले ज्या शाळेच्या हातात पडले, पोरं तिची. म्हणून सगळे दाखल्यांच्या मागे. हायवेवरच्या इंग्लिश शाळेचे सर आमच्या आधी येऊन गेलेले. घराघरात त्यांच्या पत्रकावर टाय घातलेलं हसरं पोरगं. आमच्या पत्रकावर सावित्रीबाई. कोण जिंकणार ते कळतंच.

एक बाप म्हणाला, "बाई, तुमनी शाळा चांगलीच शे. मी बी तठेच शिकनू. पन आते इंग्लिश लागस ना!" तू माझ्याच वर्गात होतास रे बाबा, मागच्या बाकावर! तेव्हा तुला 'बारा सत्ते' येत नव्हते, आणि आज मला इंग्लिश शिकवतोस. तोंडावर मात्र हसले.

झुंबरबाईंकडे तेवढं बरं वाटलं. त्यांची नात यंदा पाचवीला. मला बघताच खाटेवरचं सगळं बाजूला सारलं, माठातलं पाणी दिलं. "मोठ्या बाई, तुम्ही सांगशात तठे पोर जाई. मले काय समजस?" त्यांची दोन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली. या बाईचा शब्द म्हणजे शब्द.

१८ मे, रविवार

काल मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सुट्टी ना तुला? ये की इकडे." कशी जाऊ?

ऑनलाइन फॉर्म शिकले. घरोघरी भरून घेतलेली माहिती त्यात टाकली — नाव, गल्ली, वडिलांचा फोन, मुलाचा फोटो. सगळं आपोआप एका तक्त्यात जाऊन बसतं. जादूच! हेही उठून बघायला आले. "छान," म्हणाले आणि परत क्रिकेट.

२२ मे, गुरुवार

बावीस!! बावीस घरांनी होकार दिला. आज शेवटची दोन मिळाली. एसटीत ज्योतीचा हात घट्ट धरून बसले. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "बघ, म्हटलं होतं ना?" ती खिडकीबाहेर बघत राहिली.

२५ मे, रविवार

ज्योती आईला बघायला जामनेरला गेलीय. मी एकटीनंच एक नवं पान केलं. 'आमची नवी पाचवी — हार्दिक स्वागत!' गावात कुणाचं काही झालं की चौकात फ्लेक्स लागतो, तसा वेबसाइटवरच लावला. प्रत्येक मुलाचा फोटो, नाव, गल्ली. तक्ता तसाच्या तसा खाली जोडला. भगवी कडा, दोन बाजूंना फुगे. सकाळी बसले ती दुपारचं जेवणही विसरले. कुणाची मदत नाही, विचारणं नाही. या वयात!

ज्योतीला लिंक पाठवली. तिचं उत्तर — "मॅडम, खूपच सुंदर झालंय." सोबत हात जोडलेलं चित्र.

३० मे, शुक्रवार

चिंचकुंडला दाखले आणायला गेले. एकटीच. ज्योती अजून जामनेरला, आईला बरं नाही म्हणे.

पहिल्या घरी कुलूप. दुसऱ्या घरी, "दाखला दी टाका बाई." कुणाला दिला? बाई आत निघून गेली. तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरचा बाप जरा थांबला, माझ्याकडे नवलानं बघितलं आणि म्हणाला, "तुमले तं माहीतच शे ना बाई!"

हो रे बाबा, दाखला कुणाला दिला ते दिसतंच आहे. चौकात हायवेच्या शाळेची पिवळी गाडी उभी होती.

झुंबरबाई घरी नव्हत्या. शेजारीण म्हणाली, त्यांनीही दिला.

३१ मे

माझं ते पान! बावीस मुलांची नावं, गल्ल्या, बापांचे फोन नंबर — मी माझ्या हातानं, फुगे लावून, जगासमोर मांडलं! त्यांना पोरं शोधायलाही लागली नाहीत. मी पत्तेच दिले ना. 'तुमले तं माहीतच शे' — टोमणा होता तो. गावात सगळे हसत असतील मला.

अशी चूक कोणती मुख्याध्यापिका करील? शेतकरी तरी पिकाला कुंपण घालतो. मी कुंपण काढून वर बोर्ड लावला.

पान काढून टाकलं.

१ जून, रविवार

ज्योतीला फोन केला. सांगताना रडूच फुटलं. नानांना वाटतं तशी रडले शेवटी. म्हटलं, "माझ्यामुळे तुझी नोकरी जाणार गं." तिनं आधी मला पाणी प्यायला लावलं. मग म्हणाली, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाचीही होते." किती मोठ्या मनाची मुलगी! एक शब्द वाकडा नाही. त्यानं तर जास्तच लागलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

४ जून, बुधवार

लॅपटॉप उघडलाच नाही. बिबडे डब्यात भरले. निम्मे तुटले.

७ जून, शनिवार

नानांना जाऊन सांगितलं, चूक माझी. सगळी माझी. ज्योतीला दुसऱ्या तुकडीवर घ्या, हवं तर माझे तास कमी करा. नाना सुपारी कातरत म्हणाले, "ताई, ही वेबसाइट कुणी सांगितली होती तुम्हाला?" तुकडी बंदचा कागद तयारच होता. सही केली. तीस वर्षांत पहिल्यांदा सही करताना स्वतःचं नाव परकं वाटलं.

बाहेर आले तर शिपाई पुनाभाऊ पाचवीच्या वर्गातली बाकं एकावर एक चढवत होते. मला बघून थांबले. मी म्हटलं, "थांबू नका, चालू द्या."

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. हे म्हणाले, "उपास करतेस, पण माझ्याशी बोलत नाहीस, याला काय अर्थ?" खरं आहे. कुणाशीच बोलवत नाही. जेवणात मीठ दोनदा पडतं, कधी पडतच नाही. ते गुपचूप खातात.

ज्योतीच्या घरी जाऊन आले. सासू दारातूनच म्हणाली, "ती नाही, बाहेर गेलीय." मी दिलेले आंबे घेतले, आत बोलावलं नाही. कसं बोलावतील? घरातली मिळवती बाई मी घरी बसवली.

१३ जून

एक वर्ष राहिलंय माझ्या निवृत्तीला. आत्ताच सोडावं असं वाटतं. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "सोड." इतक्या सहज म्हणाले की परत रडू आलं.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. गुलाबाची फुलं, गोड शिरा, दारात रांगोळी, सगळं नेहमीसारखं. सहावीपासून पुढे. पाचवीच्या दाराला कुलूप.

पोरं विचारत होती, "मोठ्या बाई, ज्योतीबाई कुठंयत?" सांगितलं, येतील. खोटं बोलले. ज्योतीचा फोन लागत नाही आठ दिवस. काय करत असेल, काही बरंवाईट तर नसेल ना, सारखं तेच मनात. असं काही झालं तर मी जगू शकणार नाही.

१७ जून, मंगळवार

मधल्या सुट्टीत झुंबरबाई आल्या. हायवेवरून चालत, घामाघूम. ऑफिसच्या दारातूनच सुरू झाल्या — "मोठ्या बाई, तुम्ही तठे काब्र नही उन्यात? नात रडी राहिनी, मोठ्या बाई नही म्हने!"

कुठे? म्हटलं, कुठे आले नाही मी?

"नवी शाळामां! ज्योतीबाई घर घर उन्यात ना. सांगं, मोठ्या बाईसनीच धाडं शे, आपली पाचवी आते तठेच भरनार, त्या बी येतीन. तुमनं नाव लिधं म्हनीसन बठ्ठासनी दाखला दिधात. नहीतं आम्ही देतूत का?"

ज्योती हायवेवरच्या शाळेत पाचवीची वर्गशिक्षिका आहे. पोरं आणली म्हणून नोकरी मिळाली.

म्हणजे माझ्या पानामुळे एकही पोरगं गेलं नव्हतं. ज्योतीनं घरोघरी सांगितलं, मीच पाठवलंय; गावानं पोरं दिली ती माझ्या नावावर.

मेली! सटवी! माझ्या घाट्याचा घास घशाखाली गेला कसा तिच्या? अजून खूप काही तोंडात आलं. आणि झुंबरबाई वाट बघत उभ्या.

त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग म्हटलं, "हो, मीच पाठवलं. ज्योतीबाई चांगलं शिकवतात. नातीला म्हणावं, रडू नको."